अकरावी-बारावीच्या हुशार मुलांकडून कादंबरीच्या वाचनात नेमकी किती अपेक्षा ठेवायची?

वारणाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, आज वह्या तपासून डोकं उठलं म्हणून शेवटी टाईप करायला बसले. मी सांगलीत एका ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते. यंदा डोक्यात खूळ आलं की ज्या पोरांना खरंच वाचायची आवड आहे त्यांचा वेगळा गट करायचा आणि शनिवारी कॉलेज सुटल्यावर दीड तास फक्त कादंबरी. परीक्षेचा संबंध नाही, मार्क नाहीत, सर्टिफिकेट नाही. तरी १४ जण आले. ९ अकरावीचे, ५ बारावीचे, आणि निम्म्याहून जास्त सायन्सचे (आर्ट्सची पोरं कमी का, ह्याचं मला अजून कोडं आहे). सगळी दहावीला नव्वदच्या वरची, बोलायला एकदम चुणचुणीत.

दिवाळीच्या सुट्टीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली, धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेल्या तरुण मास्तरची गोष्ट. म्हटलं आपल्याच जिल्ह्याकडची आहे, आटपाडीकडची दोन मुलं गटात आहेत, पुस्तक लहान, भाषा सोपी, मास्तर स्वतःच गोष्ट सांगतोय, अजून काय पाहिजे. सुट्टीनंतर दोन दोन पानं लिहून आणा म्हटलं.

आता गंमत ऐका. १४ पैकी ९ वह्यांत 'ओघवती भाषाशैली'. ७ वह्यांत 'ग्रामीण जीवनाचे वास्तवदर्शी चित्रण'. एकाने तर 'लेखकाने समाजाच्या विदारक वास्तवावर प्रखर प्रकाश टाकला आहे' असं लिहिलेलं. मी म्हटलं कुठल्या पानावर प्रकाश पडलाय तेवढं दाखव, तर ते पोरगं नुसतं पानं उलटत बसलं. मग हळूच कबूल झालं की पुस्तक उघडलंच नव्हतं, मोबाईलवर एआयकडून सारांश घेतला. आणि त्या सारांशात शेवटी पाऊस पडून गाव हिरवंगार होतं! ज्यांनी वाचलीय त्यांना कळेल मी कपाळाला हात का लावला ते. दुष्काळात गाव रिकामं होतं हो शेवटी.

आणि ह्याच गठ्ठ्यात एक वही, आटपाडीकडच्या मुलीची. दोन पानं नाहीत, जेमतेम अर्धं. शुद्धलेखनाच्या नावानं आनंद. पण तिनं लिहिलंय की गावानं एवढ्या हौसेनं, अंगमेहनत करून तालीम बांधली, मग पाण्याचं काहीतरी का नाही केलं, मास्तर एवढा शिकलेला आहे तर त्याला सुचलं नाही का, का लेखकालाच सुचलं नाही. खाली कंसात, आमच्याकडे आता टेंभू योजनेचं पाणी आलंय आणि डाळिंब आहे, पण आजोबा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला यायचे.

आता सांगा, ह्याला मी काय म्हणू? विश्लेषण का तक्रार? व्यक्तिचित्रण नाही, कथानक नाही, शैलीचं नाव नाही. पण माझ्या मते १४ जणांत वाचलेलं हिनंच. बाकीच्यांपैकी पाच-सहा जणांनी पुस्तक संपवलंय हे मला माहितीय, पण लिहिताना त्यांनी ते वाचलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि दहावीचा रसग्रहणाचा साचा काढला.

तर प्रश्न असा की ह्या वयाच्या, हुशार म्हणवल्या जाणाऱ्या मुलांकडून किती मागायचं? वर्षाला किती कादंबऱ्या? लिहून घ्यायचं का नुसतं बोलायचं? निवेदक, संघर्ष, प्रतीक वगैरे शब्द शिकवायचे का ते आपोआप येतात? पुण्या-मुंबईच्या त्या आंतरराष्ट्रीय बोर्डांत म्हणे फार वरच्या पातळीचं करून घेतात, तसं इथं जमेल का? आणि एका पालकांनी फोनवर विचारलं की 'मॅडम हे मार्कांना आहे का?', त्यावर काय उत्तर द्यायचं तेही कोणी सांगितलं तर उपकार होतील.

निवृत्त_मास्तर (कराड)

ताई, आयुष्यभर खडू झिजवला, शेवटची काही वर्षं ज्युनिअर कॉलेजला, त्या जोरावर आगाऊपणा करतो.

पहिलं म्हणजे 'ओघवती भाषाशैली' पोरांनी आभाळातून आणलेली नाही, आपणच दिलीय. मी स्वतः फळ्यावर लिहून दिलेली आहे, खोटं कशाला बोलू. रसग्रहणात भाषेला मार्क असतात म्हटल्यावर पोरगं कुठल्याही लेखकाची भाषा ओघवती करून टाकणार, पावसाळ्यातली कृष्णाच जशी काय. त्यामुळं त्यांच्यावर चिडू नका. फक्त एक करा, त्या ९ वह्यांतले असले शब्द फळ्यावर लिहा आणि सांगा, ह्या वर्षी हे शब्द बंद. माझ्या वर्गात एका पोरानं त्यावर विचारलेलं की सर मग लिहायचं काय? म्हटलं आता खरं सुरू झालं.

दुसरं. वर्गात पोरगं काहीही म्हणू दे, मी एवढंच म्हणायचो, 'बोट ठेव.' मास्तर भित्रा आहे म्हणतोस? बोट ठेव. लगेच पुस्तक उघडायचं, पान काढायचं, ओळीवर बोट. नाही सापडलं तर गप्प बसायचं किंवा मत बदलायचं, दोन्हीत कमीपणा नाही. आणि एकानं ठेवलं की दुसरा उठून म्हणायचा सर माझं बोट दुसरीकडंय, इथं तर तो घाबरलेला नाही. मग तासभर मला बोलावंच लागायचं नाही.

तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर माझं माप हे असं. अकरावीच्या पोरानं पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं, गोष्ट कोण सांगतंय आणि त्याला काय काय दिसत नाही एवढं ओळखावं, आणि एका जागी बोट ठेवावं. बारावीच्या हुशार पोरानं दोन जागी बोट ठेवावं, आणि त्या दोन जागा एकमेकींशी जुळत नसाव्यात. इथं हा माणूस असा वागला आणि तिथं तसा, का? एवढं जमलं की बास. संघर्ष, प्रतीक ही नावं नंतर चिकटवता येतात. मला स्वतःला बीएला गेल्यावर कळली आणि काही बिघडलं नाही.

बनगरवाडीसाठी एक युक्ती सांगतो. पोरांना पेन्सिल द्या आणि म्हणावं, मास्तर गावाबद्दल परक्यासारखं कुठपर्यंत बोलतो आणि आपलं म्हणून कुठून बोलायला लागतो, समासात खुणा करा. ह्यात एआय काही कामाचा नाही, पानंच उलटावी लागतात.

आता त्या मुलीचं. अहो तक्रार कसली, सोनं आहे ते! तालीमच का, हा प्रश्न पुस्तकाच्या बाहेर नेतो आणि परत आत आणतो. बनगरवाडी औंध संस्थानातली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेला माणूस, संस्थानात व्यायामाचा केवढा प्रसार केला त्यांनी. वर १९३९ ला ह्याच संस्थानानं गावांच्या हातात कारभार द्यायचा प्रयोग केला, गांधीजींच्या सल्ल्यानं. कादंबरीत तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात की नाही? मग त्या काळात त्या मास्तरला तालीमच सुचणार, विहीर कशी सुचेल? किंवा असंही असेल की लेखकाला हेच दाखवायचं होतं, गाव एक झालं, इमारत उभी राहिली, राजा येऊन गेला, आणि पाऊस काही आला नाही. दोन्ही वाचनं उभी राहतात. पण ताई, हे सगळं तिला लगेच सांगू नका हं. औंध कुठंय, राजा कोण होता, एवढं विचारून सोडून द्या. औंधला आपली एसटी जाते, म्युझियम आहे, जाऊन बघून येऊ दे की.

वाईचा_पुण्यात

मॅडम नमस्कार. मूळ वाईचा, पुण्यात आयबीच्या (तुम्ही म्हणता त्यातलंच एक आंतरराष्ट्रीय बोर्ड) शाळेत इंग्रजी साहित्य शिकवतो, त्यामुळे 'फार वरच्या पातळीचं' ह्याबद्दल थोडं आतलं सांगू शकतो, म्हणजे भीती जाईल.

आयबी डिप्लोमाच्या साहित्याच्या कोर्सला हायर लेव्हलच्या मुलाला दोन वर्षांत १३ साहित्यकृती असतात, स्टँडर्डला ९. पण त्यात कविता, नाटक सगळं धरून, १३ कादंबऱ्या नव्हेत. हायर लेव्हलला १२०० ते १५०० शब्दांचा एक निबंध, विषय मुलानं स्वतः ठरवायचा. आणि तोंडी परीक्षा १५ मिनिटांची, १० मिनिटं मूल बोलतं, ५ मिनिटं आम्ही विचारतो. त्या तोंडीसाठी दोन पुस्तकांतला एकेक उतारा घ्यायचा, जास्तीत जास्त ४० ओळींचा. म्हणजे बघा, अख्खी कादंबरी वाचायची आणि शेवटी ४० ओळींपाशी येऊन बसायचं. वरती मास्तर जे बोट ठेवायला सांगतायत ते हेच, फक्त आमच्याकडे त्याची फी मोठी असते.

अमेरिकेत एपी लिटरेचर म्हणून परीक्षा असते, शाळेतच कॉलेजच्या पातळीची. तिथं दोन तासांत तीन निबंध, प्रत्येकाला ६ गुण. त्यातला १ गुण तुमचा मुद्दा काय ह्याला, १ विचारांच्या प्रगल्भतेला, आणि उरलेले ४ पुराव्याला आणि त्या पुराव्याचं तुम्ही काय करता त्याला. नुसती गोष्ट परत सांगितली तर फार काही पदरात पडत नाही. मला हे ४-१-१ फार आवडतं. आपल्याकडच्या मुलाच्या उत्तरात पुरावा सोडून बाकी सगळं असतं.

पण हेही सांगतो की आमची पोरं काही वेगळ्या मातीची नाहीत. त्यांची 'ओघवती' इंग्रजीत असते एवढंच. कादंबरी कुठलीही असो, जक्स्टापोझिशन (दोन गोष्टी शेजारी ठेवून फरक दाखवणं) आणि इमेजरी (शब्दचित्रं) सापडणारच, आणि ते सापडून पुढं काय झालं हे विचारलं की तुमच्या त्या प्रखर प्रकाशवाल्यासारखीच पानं उलटतात. त्यामुळे तुम्ही पुस्तकांचा आकडा आमच्याकडून घेऊ नका. शनिवारचा दीड तास आणि सीईटीची टांगती तलवार, ह्यात वर्षाला तीन नीट झाल्या तरी मी टोपी काढीन. घ्यायचं तर ४० ओळी घ्या.

मार्कांचं उत्तर मात्र माझ्याकडे पक्कं आहे. बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत कादंबरीचा अख्खा विभाग आहे. कादंबरीचा इतिहास, मग 'टू सर, विथ लव्ह', '८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' आणि शेरलॉक होम्सचं 'द साइन ऑफ फोर' ह्यांतले उतारे. मुलं ते गाईडमधून करतात, कादंबरीचे प्रकार नुसते पाठ करतात आणि मूळ पुस्तक हातात धरत नाहीत. आता बघा, 'टू सर' १९५९ चं, बनगरवाडी १९५५ ची. एकात ब्रिटिश गयानातून आलेला, रंगामुळे इंजिनिअरची नोकरी न मिळालेला माणूस लंडनच्या ईस्ट एंडच्या शाळेत मास्तर होतो, दुसऱ्यात एक कोवळा पोरगा धनगरांच्या वाडीत. दोघेही 'मी' म्हणून सांगतात. दोघांनाही आधी पोरांना वर्गात टिकवायचंय. कोण कोणाला जास्त शिकवतं, ह्यावर तुमची पोरं दोन शनिवार भांडतील, आणि बोर्डाचा विभाग फुकटात तयार. त्या पालकांना सांगा, हो, मार्कांना आहे.

सायन्सवाली_कोरेगाव

मॅडम मी बारावी सायन्सला आहे, साताऱ्याला येऊन जाऊन करते. इथं सगळे सर-मॅडमच बोलतायत म्हणून म्हटलं एक आमच्या बाजूचं पण असूदे.

सकाळी क्लास, मग कॉलेज, मग परत क्लास, घरी यायला सात. वाचते ते फक्त एसटीत, ते पण सीट मिळाली तर. अण्णा भाऊ साठेंची फकिरा मी अशीच वाचली, आठवडाभर, आणि एकदा फकिराचं इतकं टेन्शन आलं की स्टँडवर गाडी लागली तरी उतरायचं भान नाही, कंडक्टर काकांनी हाक मारली. आणि मग आमच्या इथं एका स्पर्धेत प्रश्न काय आला तर 'फकिराचे स्वभाववैशिष्ट्ये लिहा'. शूर, मातृभक्त, स्वाभिमानी, जनतेचा कैवारी. चार मुद्दे चार मार्क. मला इतकं कसंतरी झालं ना, म्हणजे माझं एसटीतलं पुस्तक वेगळंच होतं आणि हे वेगळंच.

दुसरं एआयबद्दल. आम्ही आळशी आहोत म्हणून वापरतो असं नाही (काही जण आहेत, ते सोडा). खरं कारण म्हणजे भीती वाटते. तुम्ही प्रश्न असा विचारता की तुम्हाला उत्तर माहितीय आणि आम्हाला ते ओळखायचंय. फिजिक्समध्ये ते ठीक आहे, तिथं उत्तर असतंच. पण कादंबरीत मला जे वाटलं ते चूक निघालं तर? मग आपलं सेफ खेळायचं, जे सगळीकडं लिहिलंय ते लिहायचं. त्या तालमीवाल्या मुलीला सॅल्यूट, मला नसतं झालं धाडस.

तर अपेक्षा ठेवा पण आधी तुम्ही पण एकदा वर्गात म्हणा ना की हे मला पण कळलेलं नाही. आमच्या एक मॅडम म्हणाल्या होत्या एकदा. तो तास अजून आठवतोय.

आणि प्लीज दर आठवड्याला लिहून आणा सांगू नका, जर्नल्सच एवढी असतात.

निवृत्त_मास्तर (कराड)

बाळ, तुझं हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. 'उत्तर माहितीय आणि आम्हाला ओळखायचंय', हे मला नोकरीत असताना कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सीईटीला शुभेच्छा. फकिराची अर्पणपत्रिका वाचलीस का? नसशील तर उद्याच्या एसटीत पहिलं तेच पान काढ. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला वाहिलीय. लढवय्या माणसाची गोष्ट आणि अर्पण लेखणीला, तलवारीला नाही. का ते तूच बघ, मी सांगणार नाही.

भडंग_स्पेशल (मिरज)

एवढं कशाला करायचं ओ. वाचू द्या की पोरांना निवांत. भडंग खाताना कोण शेंगदाणे मोजत बसतंय का? आम्ही पोरवयात लायब्ररीतनं आणून पानिपत, मृत्युंजय सगळं फडशा पाडलं, कोणी बोट ठेव म्हटलं नाही, काय अडलं का आमचं?

निवृत्त_मास्तर (कराड)

मोजू नका हो, पण एखादा खवट लागला तर कुठला ते सांगता आलं पाहिजे की नाही? नाहीतर अख्खा पुडा टाकून देणार तुम्ही.

भडंग_स्पेशल (मिरज)

😄 हे मात्र खरं. पुडा टाकून दिलेला आहे मी. कोसला तीनदा सुरू केली आणि तीनदा ठेवली. खवट होती का मीच कच्चा होतो देव जाणे.

कोयनेकडचा (सातारा)

मी शिक्षक नाही, पालक आहे. मुलगा यंदा बारावी आर्ट्स. पण 'आपल्याकडची आहे म्हणून सोपी' हे जे मॅडमनी लिहिलंय त्यावर थोडं बोलायचंय, कारण आमच्या घरात त्याचा उलटा अनुभव आला.

आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. वडील तेव्हा शाळकरी पोर होते. साताऱ्याच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी विश्वास पाटलांचं नाव जाहीर झालं त्या सुमारास मुलानं घरातली त्यांची 'झाडाझडती' काढली. धरणग्रस्तांवरचीच कादंबरी, १९९२ चा साहित्य अकादमी मिळालेली, माझ्या कपाटात कित्येक वर्षं पडून होती. पोरगं रात्र रात्र वाचत बसलं. मला वाटलं वा, आता हा काहीतरी जोरदार लिहिणार. त्यांच्या सरांनी लिहायला सांगितलं तर ह्यानं चार ओळी लिहिल्या, की हे सगळं खरं आहे, आमच्या आजोबांचं असंच झालं होतं. संपलं. सरांनी त्याला शेरा दिला 'विश्लेषण नाही'. आणि सर चुकले असं मी म्हणणार नाही. जवळचं असलं की माणूस नुसती मान हलवतो, हो असंच असतं, आणि पुढं सरकत नाही.

मग मी एक केलं. त्याला म्हटलं, आजोबांना वाचून दाखव. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी दोन-चार पानं. वडील डोळे मिटून ऐकायचे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी एकदम म्हणाले, थांब, आमचं असं नव्हतं. घर सोडताना म्हणे कोणी रडलं-ओरडलं नाही, सगळे आधी चुलीतली राख भरत होते, कारण नव्या जागी भांडी घासायला राख कुठली मिळणार. त्या दिवशी पोराला पहिल्यांदा जाणवलं की पुस्तकात जे आहे ते कोणीतरी निवडून ठेवलंय. आजोबांची आठवण वेगळी आणि लेखकानं मांडलेलं वेगळं, आणि लेखकाचं खोटं आहे असंही नाही. त्यानं मग जे लिहिलं ते मला तरी चांगलं वाटलं, सरांनाही आवडलं.

म्हणून म्हणतो, जवळची कादंबरी देताना 'हे तुमच्यासारखंच आहे ना' असं विचारू नका. 'कुठं वेगळं आहे' विचारा.

आणि अजून एक, जरा नाजूक आहे. फकिरा घ्याल तेव्हा, किंवा बनगरवाडीलासुद्धा, ज्या समाजाची गोष्ट आहे त्या समाजाचं पोरगं वर्गात असेल तर सगळ्यांनी त्याच्याकडं वळून बघायचं आणि शिक्षकांनी म्हणायचं 'तू सांग', हे करू नका. त्याला सांगायचं असलं तर सांगेल. इंग्रजांनी १८७१ ला अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा केला, ते कळल्याशिवाय फकिराचा राग कळणार नाही, पण तो कायदा सगळ्या वर्गानं मिळून वाचायचा. एकट्या पोराच्या खांद्यावर टाकायचा नाही. मी शाळेत असताना 'धरणग्रस्त कोण कोण आहे हात वर करा' असं वर्षाला एकदा व्हायचं, अजून आठवलं की हात जड होतो.

वारणाकाठची (सांगली)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उत्तर द्यायला उशीर झाला कारण म्हटलं आधी एक शनिवार करून बघू, मग लिहू.

कोयनेकडचा दादा, तुमचं वाचून मला थोडी लाज वाटली, कारण त्या मुलीला मी वर्गात उभं करून 'तू सांग तुमच्याकडची परिस्थिती' म्हणणारच होते. नाही म्हटलं. तिची वही फक्त तिच्याशी बोलले, आणि औंधचा प्रश्न तिच्या हातात दिला, मास्तरांनी सांगितलं तसं, उत्तर न देता. तिनं मैत्रिणीला घेऊन जायचं ठरवलंय.

शनिवारी बंद शब्दांची यादी फळ्यावर लिहिली. ओघवती, वास्तवदर्शी, विदारक, प्रखर, मार्मिक, 'लेखक आपल्या लेखणीतून'. हसले सगळे. मग कोरेगावच्या बाळाचं ऐकून खरंच सांगितलं की तालमीच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. तुम्हाला सांगते, १४ चेहरे एकदम वर झाले. इतकी वर्षं शिकवतेय, हे वाक्य वर्गात कधी उच्चारलं नव्हतं.

४० ओळींचा प्रयोग त्या सारांशवाल्या मुलावर केला. शिक्षा म्हणून नाही. त्याला म्हटलं तू अख्खं पुस्तक वाचू नकोस, आत्ता इथं बसून शेवटच्या भागातलं एक पान वाच आणि सांग, एआयनं सांगितलेला पाऊस कुठं आहे. त्यानं वाचलं. परत वाचलं. मग म्हणाला मॅडम इथं तर माणसंच नाहीत. मी म्हटलं बोट ठेव. त्यानं ठेवलं, आणि मग स्वतःच म्हणाला, पण मास्तर आहे ना अजून, मग हा कोणाला शिकवतोय? मी काहीच बोलले नाही. त्याच्या शेजारचा म्हणाला, कोणालाच नाही. वर्गात जरा वेळ शांतता. पुस्तक घरी घेऊन गेलाय, बघू.

सगळं काही छान झालं असं नाही. दोघीजणी आल्याच नाहीत, क्लासची टेस्ट होती. एक मुलगा अजूनही म्हणतो की निवेदकाचे प्रकार किती ते लिहून द्या, पाठ करतो. लिहून दिले नाहीत, पण तो नाराज झाला आणि त्याचंही पटतं, त्याला काहीतरी हातात घेऊन घरी जायचं असतं. ह्यावर उपाय सापडलेला नाही.

पुढचं ठरलंय ते असं. लिखाण महिन्यातून एकदाच, एक पान, आणि त्यात दोन बोटं (मास्तर, तुमचा शब्द उचलला, रॉयल्टी मागू नका). 'टू सर'चा उतारा बारावीची पाच जणं बाकीच्यांना वाचून दाखवणार. त्या पालकांना सांगितलं, हो, बोर्डाच्या इंग्रजीत कादंबरी आहे. ते म्हणाले मग आधी का नाही सांगितलं!

तिसरी म्हणून विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्यायचं डोक्यात आहे. १९३९ ची, युद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, आणि मराठी नायक. माणदेशातून एकदम बोटीवर. फार होईल का? वाईकर सर, तुमचं मत?

वाईचा_पुण्यात

अजिबात फार नाही. लहान आहे, आणि 'आमच्याकडं असंच असतं' म्हणायची सोय नाही, त्यामुळे कोयनेकडच्या दादांची अडचणच येणार नाही. फक्त नायक आवडला पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नका, बऱ्याच पोरांना तो आवडत नाही. आणि का आवडत नाही, ह्यावर बोट ठेवायला लावा.

सायन्सवाली_कोरेगाव

मॅडम शेवटी शाळेत कोणीच नाही ते मला आठवतच नव्हतं. परत काढते बनगरवाडी. सीईटी झाल्यावर. (किंवा उद्या एसटीत.)

वारणाकाठची (सांगली)

उद्या फिजिक्स कर गं बाई, आई रागावेल माझ्यावर 😄

बरं मंडळी, रणांगणच्या प्रती हव्यात. लायब्ररीत दोन मिळाल्या, कॉलेजात एक आहे पण ती कोणाच्या तरी घरी आहे. १४ जणांत निदान सहा तरी लागतील. विकत घ्यायला पोरांना सांगायचं नाही असं मी आधीच ठरवलंय. सांगली-मिरज-इस्लामपूरकडं कोणाकडं असेल तर महिनाभरासाठी द्याल का? नाव घालून, कव्हर घालून परत करीन.

भडंग_स्पेशल (मिरज)

माझ्याकडं एक आहे, आमच्या आत्याची. पुठ्ठा निसटलाय आणि समासात तिनं पेन्सिलीनं बरंच काय काय लिहिलंय, पुसू नका म्हणजे झालं. चालेल का?

वारणाकाठची (सांगली)

चालेल काय, तीच आधी द्या! शुक्रवारी मिरज स्टँडवर पोरगा पाठवते, किती वाजता?